सव्वा महिन्याचा समुद्र

रायपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे पुरी. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं, जगन्नाथाचं दर्शन घ्यायचं आणि जाताजाता लाटेत पाय भिजवून परत यायचं. नरहरी देशकरही तसेच गेले होते, रेल्वेच्या पासवर, विमलावहिनींना घेऊन. बाकीचे यात्रेकरू लाट आली की किंचाळत होते, आणि नरहरीभाऊ गुडघाभर पाण्यात वाकून, दोन्ही तळव्यांचा आडोसा करून पाण्याच्या आत बघत उभे होते.

"काही हरवलं का जी तुमचं?" वहिनींनी काठावरून विचारलं.

"नाही वं. आत काय चालू आहे ते पाहून राहिलो."

माणूसच तसा. वरच्या गाजावाजापेक्षा आतल्या हालचालीवर त्याचा जीव. मूळचे आर्वीचे. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात कारकून म्हणून रायपूरला आले, तेव्हा ते मध्य प्रदेशातलं एक जिल्ह्याचं गाव होतं आणि संध्याकाळी सातनंतर करायला काहीच नसायचं. म्हणून मराठी मंडळी नाटकं करायची. नागपूरहून नाटकाचं पुस्तक यायचं, कोणाच्या तरी गच्चीवर तालमी व्हायच्या, वहिन्या घरच्या साड्यांचे पडदे शिवायच्या. नरहरीभाऊंना चेहऱ्याला रंग लावण्याची हौस नव्हती. ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर पुस्तक, हातात टॉर्च. त्यांचा आवाज पहिल्या रांगेला कधी ऐकू आला नाही, आणि ज्या नटाला ऐकू यायला हवा त्याला कधी चुकला नाही. नट अडणार हे त्यांना नटाच्या आधी कळायचं. "श्वासावरून," ते सांगत. "वाक्य विसरला की माणूस आधी श्वास विसरते."

मग राज्य नवं झालं आणि गावाची राजधानी झाली. शंकर नगरात लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या, बंगल्यांच्या भिंती उंच झाल्या, भाड्याचा हॉल लग्नांना महाग दरानं जाऊ लागला. तालमीला बोलावलं की पोरं म्हणायची, "मराठी समझ में आती है काका, बोलने में नहीं जमती." शेवटचा प्रयोग शेवटचा आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. हारसुद्धा कोणी जास्तीचा आणत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा दाढ काढायला म्हणून नरहरीभाऊ दवाखान्यात गेले आणि तिथे त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची पेटी पाहिली, आत समुद्रातले जिवंत मासे. नंबर पुकारला तरी उठले नाहीत. वर्षभरात त्यांच्या पुढच्या खोलीतलं कपाट हललं, सोफा हलला, आणि त्या जागी चार हात लांब काचेची पेटी आली. मुंबईहून समुद्री मिठाची पोती, गाळून शुद्ध केलेलं पाणी, गुलाबी-जांभळ्या शेवाळानं मढलेले दगड. त्या दगडांवर एक समुद्रफूल बसलं होतं. त्याची शेकडो मऊ बोटं पाण्याच्या झोतात डुलायची. एक लांब पांढऱ्या मिशांचा लाल झिंगा दगडाच्या फटीतून कारभार पाहायचा. आणि समुद्रफुलाच्या मांडीवर राहणारं एक जोडपं: नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, इंग्रजीत ज्यांना क्लाऊन म्हणतात ते. या जातीत मादी थोराड असते आणि नर तिच्या धाकात. नरहरीभाऊंनी तिचं नाव ठेवलं बाईसाहेब, त्याचं राव.

"बरोबर ठेवलं," वहिनी म्हणाल्या. "आपल्या घरची रीत समजली त्यांना."

संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून पेटीचा दिवा लावला की तीन बाजूंना अंधार आणि एका बाजूला उजेड. नरहरीभाऊ खुर्ची ओढून बसायचे. एक पैशाचं तिकीट नाही, आणि रोज नवा प्रयोग.

आता त्यांच्या गल्लीच्या गणपतीची रीत सांगायला हवी. गल्ली अरुंद, मांडव घालायला जागा नाही. म्हणून गणपती दरवर्षी एकेका घराच्या पुढच्या खोलीत बसतो आणि ज्याची पाळी, त्यानं देखावा करायचा. पद्मिनीवहिनींनी एका वर्षी कापसाचा हिमालय केला होता आणि आरतीच्या निरांजनानं त्याचं एक शिखर पेटलं होतं. पेटी आल्यानंतरच्या वर्षी पाळी देशकरांची आली. मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वरभाऊ, पद्मिनीवहिनींचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले. एकेकाळी मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे नायक. आवाज असा की लाउडस्पीकर भाड्यानं घ्यायला नको. त्यांनी पेटीपुढे उभं राहून हात पसरले आणि जाहीर केलं,

"ठरलं! मूर्तीच्या मागे जिवंत समुद्र! पत्रिकेवर छापतो. छत्तीसगडात कोणी पाहिला नसेल असा देखावा!"

त्या रात्री नरहरीभाऊंना लवकर झोप लागली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या नाटकात विंगेत बसलेला माणूस. आता लोक येणार होते ते त्यांच्या समुद्रासाठी.

पोळा आठवड्यावर आला आणि यज्ञेश्वरभाऊ प्लास्टिकच्या दोन पिशव्या मिरवत आले. प्रत्येक पिशवीत एकेक निळाभोर मासा. मागे मंडळाची चार माणसं.

"समुद्र थोडा रिकामा वाटून राहिला होता," ते म्हणाले. "मंडळाकडून भेट! सोडा भाऊ, सोडा, आम्हाले पाहू द्या."

नवा मासा आला की त्याला आधी वेगळ्या भांड्यात ठेवायचं, काही आठवडे पारखायचं आणि मगच पेटीत सोडायचं, हे नरहरीभाऊंना पाठ होतं. पण घरी आलेल्या पाहुण्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवायची सवय देशकरांच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हती, आणि समोर चार माणसं चहाचे कप घेऊन बसली होती. पिशवीत थोडं थोडं पेटीचं पाणी घालत, पाण्याला पाणी लावून त्यांनी निळे पाहुणे आत घेतले. टाळ्या झाल्या. बाईसाहेबांनी एका पाहुण्याला शेपटीनं हाणलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

हरतालिकेला, म्हणजे इकडच्या तीजाला, दोन-तीन दिवस राहिले असताना नरहरीभाऊ सकाळी दाणे टाकायला गेले आणि थबकले. निळ्यांपैकी एक मासा दगडामागे आडवा पडला होता, मेलेला. दुसरा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा. राव समुद्रफूल सोडून कोपऱ्यात, उजेडाकडे पाठ करून. बाईसाहेब दगडाला अंग घासत होत्या. दाणे तसेच तळाशी गेले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि रावाच्या कल्ल्यांकडे बघत बसले. कल्ले भराभर उघडत-मिटत होते, थांबायलाच तयार नव्हते. विंगेतून किती वेळा पाहिला होता हा श्वास! फक्त इथे पुढचं वाक्य द्यायला पुस्तक नव्हतं.

नागपूरला निरंजन नावाचा एक दुकानदार होता. पेटीची मोटर, मीठ, दाणे, सगळं तोच पाठवायचा. त्याला फोन लावला.

"काका, घाबरू नका," निरंजन म्हणाला. "अंगावर ठिपके आहेत का?"

"दिसत तर नाही बापा."

"पेटीचा दिवा बंद करा. खोलीत अंधार करा. टॉर्च बाजूनं मारा, समोरून नाही. अन् मले एकच सांगा: रवा दिसते का मैदा?"

"काय?"

"रव्यासारखे दाणे असले, मोजता येतील असे, तर एक रोग. मैदा चाळून अंगावर पडल्यासारखं दिसलं तर दुसरा. अन् कातडीचे पापुद्रे निघून राहिले असतील तर तिसराच. नीट पाहा काका, औषध त्याच्यावर आहे."

वहिनींनी खिडक्यांना चादरी लावल्या. नरहरीभाऊंनी टॉर्च काचेला तिरपी धरली. राव त्या उजेडात बाजूनं आला आणि भाऊंना दिसलं: नारिंगी अंगावर, पांढऱ्या पट्ट्यांवर, पंखांवर, सगळीकडे बारीक सोनेरी धूळ. लग्नातल्या नवरदेवासारखा चमकत होता आणि मरत होता.

"मैदा," ते फोनमध्ये म्हणाले. आवाज खाली गेला होता.

"मग थांबायचं काम नाही. हे मखमलीचं दुखणं. अंगावर जंतू बसतात, कल्ल्यांत भरतात, मासा गुदमरून जाते. तांबं द्यावं लागते काका. तांब्याचं औषध. वेगळ्या टबात मासे काढा, अन् तांबं द्या. मी आज दुपारच्या गाडीनं पाठवतो, तुमच्या ओळखीचा कोणी टीसी असन तर सांगा. तोवर गोड्या पाण्यात एक डुबकी द्या, आराम पडते. गिऱ्हाईक आलं, ठेवतो."

रेल्वेतली मराठी माणसं एकमेकांना जे काही पाठवतात ते गाडीतून पाठवतात. आर्वीच्या तुरीच्या डाळीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत. ओळखीचा टीसी निघाला, औषध सकाळी स्टेशनवर मिळणार होतं.

आधी डुबकी. शुद्ध पाणी पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट केलं, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. वहिनी मागे उभ्या.

"आपल्या जुन्या गोड्या पाण्यातल्या लाल माशाले पुटकुळ्या आल्या तर तुम्ही मीठ टाकत होता," त्या म्हणाल्या. "अन् याले मिठातून काढून गोड्यात बुडवता?"

"त्याच्यासाठी मीठ औषध, याच्यासाठी गोडं पाणी औषध. जो जिथचा आहे त्याच्या अंगावरचे जंतूही तिथचेच. त्यांना परगावचं पाणी मानवत नाही."

जाळीतून रावाला पाण्यात सोडलं आणि तो तळाशी एका कुशीवर आडवा झाला. वहिनी ओरडल्या, "अवं माय! गेला!"

"गेला नाही. असंच पडतात म्हणते निरंजन." पण भाऊंनीही वाकून कल्ले हलतात का ते पाहिलं. काही मिनिटांनी राव सरळ झाला. बाहेर काढून परत पेटीत सोडल्यावर त्याचा श्वास किंचित संथ वाटला. किंचितच.

वहिनी हरतालिकेचं सामान आणायला बाजारात गेल्या. कामवाली तीजासाठी माहेरी गेलेली. घरात नरहरीभाऊ आणि ते कल्ले. सकाळपर्यंत टिकतील का? सकाळ फार लांब दिसत होती. तांबं, तांबं, असं स्वतःशी पुटपुटत ते घरभर फिरले, आणि देवघराच्या दाराशी थांबले. तिथे वहिनींचा हंडा होता. सासूबाईंकडून आलेला, लालबुंद, तांब्याचा. रोज रात्री त्यात पाणी भरायचं आणि सकाळी प्यायचं, जंतू मरतात म्हणून. भाऊंच्या डोक्यात दिवा लागला. औषध तांब्याचं. हंडा तांब्याचा. मग गाडीची वाट कशाला बघायची?

त्यांनी हंडा पुढच्या खोलीत नेला, मोठ्या लोट्यानं पेटीतलं पाणी काढून त्यात भरलं, हवेची नळी सोडली. जाळी हातात घेतली. रावाला पकडायला वेळ लागला, तो कोपऱ्यात शिरत होता. जाळीत आला तेवढ्यात दार वाजलं.

वहिनी आत आल्या. हातात बेलपत्राची पिशवी.

"माझा हंडा कुठाय?"

"इथं आहे. याच्यात रावाले ठेवतो. तांबं पाहिजे म्हणे ना."

वहिनींनी पिशवी टाकली आणि पुढे होऊन भाऊंचं मनगट धरलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, असं मनगट त्यांनी कधी धरलं नव्हतं.

"हंड्यात काय पाणी आहे?"

"पेटीतलं."

"खारं? खारं पाणी तांब्यात? अहो, कळकन ना ते!"

"काय?"

"तुमच्या आईनं मले पहिल्या दिवशी सांगितलं होतं, या हंड्यात ताक नाही, चिंच नाही, मीठ नाही. कल्हई नाही त्याले. एकदा तुमची बहीण विनोदिनी लिंबाचं सरबत ठेवून बसली होती याच्यात. सगळं घर ओकत होतं दोन दिवस! विसरले? मी दर गुरुवारी चिंच-मीठ लावून घासते, पाहता ना तुम्ही, कसा लखलख होते? ते मीठ तांबं खाते म्हणून होते. अन् त्या खाल्लेल्या तांब्यात तुम्ही लेकरू ठेवता?"

भाऊंनी जाळीतला राव परत पेटीत सोडला. वहिनींनी हंडा न्हाणीत नेऊन ओतला. आतल्या बाजूला पाणी जिथवर होतं तिथवर एक गुलाबी, धुतल्यासारखा पट्टा उमटला होता. मिठानं कामाला सुरुवात केलीच होती.

निरंजनला पुन्हा फोन गेला. त्यानं ऐकलं आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला.

"काका! तांबं थेंबानं द्याचं असते, रोज मोजून! थोडं कमी झालं तर जंतू मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा जाते. हंडा काय मोजून देईन? काकूंच्या पाया पडतो मी, सांगा त्यांना. अन् पेटीतही टाकू नका काही. झिंगा, समुद्रफूल, कोणी वाचणार नाही. अन् दगड ते तांबं पिऊन बसतात."

"मग पेटीचं काय?"

"पेटी रिकामी ठेवा. हे जंतू माशावरून गळून वाळूत पडतात, तिथं फुटतात, एकाचे शेकडो होतात, अन् पुन्हा मासा शोधतात. मासाच नसला तर उपाशी मरतात. झिंग्याले, फुलाले ते काही करत नाहीत. फक्त मासा नको. सव्वा महिना."

"सव्वा महिना," नरहरीभाऊंनी फोन ठेवून वहिनींना सांगितलं.

"बाळंतिणीसारखा," वहिनी म्हणाल्या. "समजलं. मागच्या खोलीत करू सोय. अंधारी आहे, बरी आहे."

मग दोघांनाही एकदमच आठवलं. चार दिवसांनी गणपती बसणार होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. जिवंत समुद्र.

सकाळी औषध आलं. भनपुरीच्या एका गोदामातून ओळखीनं मिळालेला निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून मागच्या खोलीत ठेवला होता. त्यात वाळू नाही, दगड नाही. लपायला पाइपाचे दोन तुकडे, हवेची नळी, एवढंच. नव्यानं कालवलेलं खारं पाणी, त्यात थेंब मोजून औषध. काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग जुळवायचा आणि तांबं किती झालं ते पाहायचं. नरहरीभाऊंनी बाईसाहेबांना, रावाला आणि उरलेल्या निळ्याला तिथे हलवलं. निळा संध्याकाळपर्यंत गेला. राव पाइपात शिरला आणि बाहेर आलाच नाही.

यज्ञेश्वरभाऊ दुपारी आले. पेटी पाहिली. दगड, झिंगा, डुलणारं फूल. मासा एकही नाही.

"हे काय?"

नरहरीभाऊंनी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आणलेल्या माशांनी..."

"मी पारखून घ्यायले पाहिजे होतं. माझी घाई."

यज्ञेश्वरभाऊंनी क्षणभर मान खाली घातली. मग नायकच तो, त्यानं मान वर केली. "ठीक आहे. मी आजच चार रंगीत मासे आणतो. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पेटीत रोग आहे भाऊ. ते मरतील."

"लगेच थोडी मरतील! विसर्जन होऊ द्या. मग तुमचा सव्वा महिना करा, दोन महिने करा. लोक काय पाहायले येतील, गोटे? आपण नाही का बदली पात्र उभं करत होतो? ऐन वेळी?"

नरहरीभाऊ हळूच बोलले. पण ते बोलणं खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलं.

"करत होतो. पण स्टेजवर विंचू सुटला आहे हे माहीत असून कोणाले एंट्री देली का आपण कधी?"

यज्ञेश्वरभाऊ उठले. वहिनींनी चहा आणला होता, तो तसाच राहिला. "मंडळात काय सांगू ते मी पाहतो," ते दारातून म्हणाले. आणि त्या आवाजाच्या माणसाचं असं हळू बोलणं फार लागलं.

आता जागा बदलायला वेळ नव्हता. चतुर्थीला मूर्ती देशकरांकडेच आली. पद्मिनीवहिनींनी पुठ्ठ्याचे, चमकीचे मासे करून आणले होते. नरहरीभाऊंनी ते काचेवर बाहेरून चिकटवू दिले. त्यांना रोग होण्याची भीती नव्हती.

गर्दी आली. पहिला प्रश्न यायचा तोच आला. "मछली कहाँ है, दादाजी?"

"बीमार है बेटा. अंदर आराम कर रही है."

"तो इसमें क्या है?"

मग नरहरीभाऊंना दाखवावंच लागलं. झिंगा पायांनी मिशा कशा विंचरतो. समुद्रफूल रात्री मिटतं आणि सकाळी फुलतं. दगडाच्या बारक्या भोकातून पंख्यासारखा पिसारा बाहेर येतो आणि बोट काचेला लावलं की झटक्यात आत जातो. मासे असताना या गोष्टींकडे त्यांनी स्वतःही नीट पाहिलं नव्हतं. मासे फिरायचे आणि सगळी नजर तिकडेच. एका पोरीला काचेच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी जिवंत चांदणी चिकटलेली दिसली, आणि मग रांगेतल्या प्रत्येकाला ती चांदणी शोधायचीच होती. "मला दिसली, मला दिसली!" आरती दोनदा थांबवावी लागली. काही लोक नाराज होऊन गेलेही. "समुंदर बोले थे, पत्थर दिखा रहे हैं." तेही ऐकून घेतलं. खरंच होतं त्यांचं.

दोन आरत्यांच्या मधल्या वेळात नरहरीभाऊ मागच्या खोलीत जायचे. नळीत पाणी, रंग जुळवणं, थोडं पाणी काढणं, थोडं घालणं, मोजून औषध. बाईसाहेबांच्या अंगावरची धूळ उतरू लागली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी दाणा उचलला आणि थुंकला. दुसऱ्या दिवशी उचलला आणि गिळला. राव मात्र पाइपात. श्वास ठीक, अंग स्वच्छ, पण दाण्याला तोंड लावेना. भाऊंनी दाणा लसणाच्या रसात भिजवला, बाजारातल्या झिंग्याचे बारीक तुकडे केले. काही नाही.

"औषधानं भूक मरते काहींची," निरंजन फोनवर म्हणाला. "जंतू तर गेले काका. आता सगळं खाण्यावर आहे. खाल्लं तर वाचला समजा. नाही खाल्लं तर बरा होऊनही जाईन."

ही गोष्ट नरहरीभाऊ घेऊन फिरत होते. पुढच्या खोलीत ढोल, मोदक, मंत्रपुष्पांजली, आणि मागच्या खोलीत पाइपाच्या अंधारात एक बोटभर जीव रोज थोडा बारीक होत होता. महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत पुरणपोळी वाढता वाढता वहिनींनी विचारायचं, "काही?" आणि भाऊंनी मान हलवायची. पंक्तीला वाटायचं, तुपाचं विचारत असतील.

विसर्जन झालं. मूर्ती महादेव घाटावर, खारून नदीच्या पाण्यात गेली. भिजलेल्या कपड्यांनी, गुलालानं माखून सगळे परत आले, आणि देशकरांच्या दारात यज्ञेश्वरभाऊ जरा रेंगाळले.

"भाऊ," ते म्हणाले, "पत्रिकेत मी समुद्र छापला अन् तुमची फजिती केली."

"फजिती कुठली? चांदणी पाहायला लोक परत परत येऊन राहिले होते."

"ते पेशंट कुठं आहेत? मी एकदाही पाहिले नाही."

नरहरीभाऊ त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. अर्धा कापलेला निळा ड्रम, पाइपाचे तुकडे, बुडबुडे. यज्ञेश्वरभाऊ वाकले.

"हे का? बालटीत? अन् याच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडले!" आणि बोलताना हात नेहमी पुढे करायची जी नटाची सवय, तिनं त्यांचा हात पाण्यात गेला. "या बाईसाहेब, या, दर्शन द्या..."

बाईसाहेब पाइपाच्या तोंडातून सुटल्या आणि त्यांनी यज्ञेश्वरभाऊंच्या करंगळीला कडाडून चावा घेतला.

"अरे बापा रे!" असा आवाज त्या घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता. यज्ञेश्वरभाऊंनी हात झटकला, काठावरची दाण्यांची वाटी पाण्यात उलटली, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. "चावली! मले चावली!"

"चावली?" नरहरीभाऊंचा चेहरा उजळला. "जोरात?"

"जोरात म्हणजे? खूण पाहा!"

"वा! आता खरी बरी झाली ती. आजारी मासा कोणाले चावत नाही."

यज्ञेश्वरभाऊ करंगळी तोंडात घालून हसू लागले. हसता हसता स्टुलावर बसले. "तुमच्या घरच्या बायकांची जात भाऊ, एकच! ती आत, अन् वहिनी बाहेर!"

नरहरीभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. उलटलेल्या वाटीतले दाणे हळूहळू खाली उतरत होते, झोतात गोल फिरत होते. पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी एक पांढरा पट्टा दिसला. मग डोळा. राव अर्धा बाहेर आला, थांबला. एक दाणा त्याच्या तोंडासमोरून गेला. त्यानं तो सोडला. दुसरा आला. त्यानं तो उचलला. नरहरीभाऊ थुंकण्याची वाट बघत राहिले, श्वास रोखून. राव थुंकला नाही. तिसऱ्या दाण्यासाठी तो पुरता पाइपाबाहेर आला.

"खाल्लं," नरहरीभाऊ म्हणाले.

"काय म्हणता?" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. कपबशा वाजायच्या थांबल्या. "कोणी खाल्लं?"

"रावानं वं. आता दोघांनीही."